टँग ठेवायचाय? आधी पाणी, वीज आणि वेगळी टाकी

प्रश्न थोडक्यात असा. लातूरला घरी ४ फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यात दोन क्लाउनफिश वर्षभर मजेत आहेत. त्यात निळा टँग सोडला, तो दोन आठवड्यांत अंगावर पांढरे ठिपके येऊन गेला. आता निळा, पिवळा आणि पावडर ब्लू हे तिन्ही एकत्र ठेवायचे आहेत. बोअरचं पाणी जड आहे आणि उन्हाळ्यात टाकी तापते. जमेल का?

४ फुटांत तिन्ही जमणार नाहीत. एक टँग जमेल, पण तो निळा नसेल, आणि या आठवड्यात आणून सोडता येईल असंही नाही. टँग बहुतेक वेळा पहिल्या महिना-दीड महिन्यात मरतात आणि त्याचं कारण मासा घरात येण्याआधीच ठरलेलं असतं. तो महिना निभावला तर हा मासा दीर्घायुषी आहे. हवाईच्या समुद्रातले पिवळे टँग ४० वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे.

आधी टाकीच्या मापाचं बघू. टँग म्हणजे सर्जनफिश कुळातले मासे. दिवसभर खडकावरून खडकावर फिरत शेवाळ खरवडत राहणं हे त्यांचं जगणं, म्हणून त्यांना उंचीपेक्षा लांबी लागते. तुमच्याकडे आहे तशी ४ फूट × २ फूट × २ फूट टाकी साधारण ४३० लिटरची होते, दगड धरून प्रत्यक्ष पाणी ३७०-३८०. तेवढ्यात पिवळा टँग (मोठेपणी २० सेंमी), त्याचाच तपकिरी भाऊबंद स्कोपास, किंवा ब्रिसलटूथ गटातला टोमिनी (१५ सेंमीच्या आसपास) यांपैकी एक राहू शकतो. निळा टँग दुकानात ५ सेंमीचा दिसतो आणि पुढे ३० सेंमीपर्यंत जातो, शिवाय घाबरट असल्यामुळे लहान टाकीत दिवसभर दगडात तोंड खुपसून बसतो. त्याला ६ फूट लांबी हवी. पावडर ब्लूलाही ६ फूट, आणि तो भांडकुदळही आहे आणि ठिपक्यांच्या रोगाला सगळ्यांत आधी बळी पडणाराही. हा हिंदी महासागरातला, म्हणजे आपल्या बाजूचा मासा. त्यामुळे भारतीय बाजारात तो सहज मिळतो आणि नवख्यांच्या हाती तोच सोपवला जातो. माझं मत विचाराल तर पहिला टँग म्हणून स्कोपास घ्या. रंगाने डोळ्यांत भरत नाही, पण चिवट आहे, आणि पिवळ्यापेक्षा बराच स्वस्त. पिवळे बहुतांशी हवाईहून येत. तिथली पकड २०२१ च्या सुरुवातीला थांबल्यापासून त्यांचे भाव चढले.

दगडांबद्दल एक सूचना इथेच देऊन ठेवतो. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कुणी प्रवाळाचे तुकडे देऊ केले तर घेऊ नका. खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. कारखान्यात बनवलेले सच्छिद्र सिरॅमिक दगड टँगला पुरतात. ते रचताना समोर मोकळा पट्टा ठेवा आणि मागे आरपार जाता येईल अशा दोन-तीन कपारी.

आता पाणी. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ८०० ते १५०० असणं नेहमीचंच. ‘पाणी मुळातच खारट आहे, मग मीठ कमी लागेल’ हा हिशेब डोक्यातून काढून टाका. तो खारटपणा लिटरला एक-दीड ग्रॅमचा, समुद्राचा ३५ ग्रॅमचा. आणि बोअरमध्ये जे विरघळलेलं असतं त्यात शेतातून झिरपलेलं नायट्रेटही असतं. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी तसंच वापरू नका. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस बसवलेलं असतं, त्यामुळे ५० ते १०० टीडीएसचं पाणी बाहेर येतं. मेम्ब्रेननंतर लगेच एक टी जोडून वेगळी नळी काढा आणि तिच्यापुढे डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेसुरले क्षार काढून घेणाऱ्या दाण्यांचं काडतूस लावा. मीटरवर ० ते २ दिसलं पाहिजे. टँकरचं पाणी असेल तर ५ मायक्रॉनचा गाळणीचा फिल्टर दर महिन्याला बदलावा लागेल. त्यात ब्लीचिंग पावडर असतेच, म्हणून कार्बन फिल्टर मेम्ब्रेनच्या आधीच हवा, नाहीतर क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचं म्हणजे तुमच्या टाकीला ४० लिटर. एवढ्यासाठी आरओ १२० ते १६० लिटर पाणी फेकतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात हा किरकोळ मुद्दा नाही. फेकलेलं पाणी वेगळ्या ड्रममध्ये साठवा. फरशी, संडास आणि गाडी धुणं त्यातून निघतं. झाडांना मात्र नेहमी घालू नका, क्षार साचतात. मार्च ते जून पाण्याची ओढ असणाऱ्या घरात टाकी मोठी करण्याचा विचार इथेच थांबवावा.

मीठ मिसळायचे ड्रम नवे घ्या. एमआयडीसीतून निघालेले जुने निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात आधी काय होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. नळाचा कॉक पितळी नको, प्लास्टिकचा घ्या. खडेमीठ किंवा जेवणातलं मीठ चालत नाही. त्यात सोडियम क्लोराइडच, समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट नाही. मत्स्यालयाचं सिंथेटिक मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे ४० लिटरला दीड किलो. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, आणि लहान पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) लावून एक दिवस फिरू द्या. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (लिटरला साधारण ३५ ग्रॅम) प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र ३५ वर चुकू शकतं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, क्षारता ८-९ डीकेएच (क्षारतेचं एकक), अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली. टँग खातोही भरपूर आणि घाणही भरपूर करतो, म्हणून प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) टाकीच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या.

उन्हाळा. टँगला २५-२६ अंश चांगलं, २८ च्या वर जाऊ देऊ नका. उष्णतेपेक्षा प्राणवायू हा त्यामागचा मोठा प्रश्न आहे. समुद्राच्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशाला सव्वासहा मिलिग्रॅमपेक्षाही कमी, आणि तापलेल्या पाण्यात माशाची भूक मात्र वाढते. सतत पोहणाऱ्या माशाला ही ओढाताण आधी जाणवते. क्लाउनफिश नेहमीसारखे दिसतात आणि टँग वेव्हमेकरसमोर (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपासमोर) धापा टाकत उभा राहतो.

आपल्याकडे एक सोय आहे. एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके दोन-तीन लहान पंखे लावले तर ३-४ अंश सहज उतरतात. १ लिटर पाणी उडालं की ४०० लिटरची टाकी जवळजवळ दीड अंश थंड होते. त्याची किंमत म्हणजे रोज ५ ते ८ लिटर बाष्पीभवन. ते आरओच्या गोड्या पाण्याने भरायचं, खाऱ्या पाण्याने नाही. तीन दिवस विसरलात तर खारटपणा ३५ वरून ३७ च्या दिशेने सरकतो. फ्लोट व्हॉल्व्ह किंवा ऑटो टॉप-अप लावणं उत्तम. त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालवला तर हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्यांचा परिणाम बराच घटतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही लावायचेच असतील तर कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा. खोली ३८-४० अंशांवर जात असेल तर पंखे पुरत नाहीत. मग चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या, तुमच्या टाकीला पाव एचपीचा, आणि त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल असा ठेवा. खोलीतच ठेवलेला चिलर स्वतःच तापवलेल्या हवेशी झगडत बसतो. हिवाळ्यात उलट. पहाटे पारा १० च्या खाली जातो, तेव्हा ३०० वॉटच्या एका हीटरऐवजी १५०-१५० चे दोन लावा. एक अडकून चालूच राहिला तरी टाकी उकळत नाही, आणि एक बंद पडला तरी अगदी गारठत नाही.

वीज गेल्यावर चिलर आणि हीटर विसरा, पाणी हलतं ठेवा. रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर मिळून ६० वॉट धरले तर १५० एएचची एक बॅटरी साधारण १० तास ओढते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या, स्क्वेअर वेव्हवर पंप घुरघुरतात आणि तापतात. बॅटरीवर चालणारा एक एअर पंपही हाताशी असू द्या.

आणि सोयाबीन किंवा कपाशीवर फवारणी करून आलेला हात, साबणाने धुतलेला असला तरी, त्या दिवशी टाकीत घालू नका. पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं अगदी कमी प्रमाणातही माशांना मारतात. डासांची कॉइल आणि स्प्रे याच जातीचे. एअर पंप ती हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

आता पांढऱ्या ठिपक्यांकडे वळू, कारण तुमचा मासा त्यानेच गेला आणि पुढचाही त्यानेच जाईल अशी सध्याची स्थिती आहे. मोजता येतील असे मिठाच्या कणांएवढे ठिपके असतील तर तो खाऱ्या पाण्यातला इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. पिठाची धूळ उडाल्यासारखा थर, धाप आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू असेल तर व्हेल्व्हेट, हा दुसरा परजीवी रोग. इचचा परजीवी माशाच्या कातडीत काही दिवस राहतो, मग गळून दगड-वाळूवर चिकटतो, तिथे पुटीत विभागतो, आणि नवी पिल्लं पुन्हा मासा शोधायला निघतात. म्हणूनच ठिपके तीन-चार दिवसांत नाहीसे होतात, आपण ‘बरा झाला’ म्हणतो आणि आठवड्याने ते दुपटीने परततात. टँगच्या अंगावर चिकट श्लेष्माचा थर पातळ असतो, म्हणून त्याला रोग आधी लागतो. क्लाउनफिशचा थर जाड. तुमचे क्लाउनफिश धडधाकट दिसतात, पण तुमच्या टाकीत इच आहे असंच धरून चाला.

लसूण, क्लीनर झिंगा, ‘सगळ्या टाक्यांना चालणारं’ म्हणून विकलं जाणारं औषध, यांनी इच जात नाही. लसणाने फार तर मासा अन्नाकडे वळतो. यूव्ही दिवा परजीवींची संख्या कमी करतो, संपवत नाही. उपाय दोन आणि ते एकत्रच करायचे. मुख्य टाकी ७६ दिवस माशांशिवाय चालू ठेवायची, म्हणजे परजीवी उपासमारीने संपतात, आणि क्लाउनफिशसकट प्रत्येक मासा त्या काळात वेगळ्या टाकीत तांब्याच्या औषधाखाली काढायचा.

वेगळी टाकी म्हणजे तळाला काही न घातलेली ८०-१०० लिटरची काचेची टाकी, स्पंज फिल्टर, हीटर, झाकण आणि लपायला पीव्हीसीचे रुंद एल्बो. वाळू-दगड नको, चुनखडीचा प्रत्येक तुकडा तांबं शोषतो. स्पंज आधी तयार लागतो, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वाढलेले हवेत. त्यासाठी अमोनियम क्लोराइड १०० लिटरला ०.६ ग्रॅमच्या जरा वर टाकलं की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. तो २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य व्हायला लागलं की टाकी तयार. याला ४ ते ६ आठवडे जातात. हे रसायन म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नवसागर अशुद्ध असतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून घ्या.

तांब्याचं औषध कीलेटेड (तांबं दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं) घ्या, त्याची पातळी २.२५ ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रत्येक उत्पादनाची पातळी वेगळी असते (काहींची ०.५), तेव्हा बाटलीवरचाच आकडा पाळा. तीन-चार दिवसांत हळूहळू चढवा, कारण टँग एकदम दिलेल्या तांब्याने खाणं सोडतो. पूर्ण पातळीला पोहोचल्यापासून ३० दिवस मोजा. मध्ये एकदाही पातळी खाली आली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणून पाणी बदलताना नव्या पाण्यातही तेवढंच औषध घालायचं आणि रोज तपासायचं. रंग जुळवायच्या किटपेक्षा हॅना कंपनीचा डिजिटल चेकर बरा. अमोनिया वाढला तर पाणी बदला, अमोनिया बांधणारं द्रव्य ओतू नका. तांब्याबरोबर त्याचं विष होऊ शकतं.

शेतीसेवा केंद्रातलं मोरचूद वापरायचा मोह अनेकांना होतो, तेही तांबंच आहे म्हणून. त्याची पातळी ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमच्या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, आणि १०० लिटरला लागणारं मोरचूद असतं ८० मिलिग्रॅम. चिमूटभर म्हणजे त्याच्या कितीतरी पट. शिवाय खाऱ्या पाण्यात ते लवकर खाली बसतं, त्यामुळे सकाळची पातळी संध्याकाळी राहत नाही. बोर्डो मिश्रणासाठी ते ठीक आहे. औषध नको असेल तर विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणून ठेवण्याची पद्धत इचवर बहुधा चालते, व्हेल्व्हेटवर नाही.

मासा मुंबईहून किंवा चेन्नईहून येईल, पिशवीत १२ ते २० तास. घेण्याआधी विक्रेत्याकडून तो खातानाचा ताजा व्हिडिओ मागा. पोट आत गेलेला, डोक्यामागचं मांस खपाटीला लागलेला मासा फुकटही घेऊ नका. त्याच्या टाकीचं विशिष्ट गुरुत्व विचारा. पुष्कळ ठिकाणी ते १.०२० च्या आसपास असतं. आपल्या वेगळ्या टाकीचं पाणी आधीच तेवढंच करून ठेवा. तासभर थेंब-थेंब पाणी मिसळण्याची जुनी पद्धत इथे घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा लागत नाही. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवी बंद ठेवून २० मिनिटं तरंगवा, उघडा, मासा डब्याने उचला, पिशवीचं पाणी फेकून द्या. खारटपणा मग दिवसाला ०.००१ ते ०.००२ ने वाढवत न्या. जाळी वापरू नका. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळीत अडकून मासा स्वतःला फाडून घेतो. तुमच्या बोटाला लागला तर जखम खोल असते. स्वच्छ धुवा, सोसवेल इतक्या कोमट-गरम पाण्यात हात धरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख तपासा.

खाण्याचं एकच सूत्र, दिवसभर थोडं थोडं. भाजलेली, तेल-मीठ-मसाला लावलेली नोरी (समुद्री शेवाळाचे वाळवलेले पापुद्रे) नको. साधी कोरी नोरी क्लिपला अडकवा. १० सेंमीच्या माशाला ५ × १० सेंमीचा तुकडा सकाळी, दुपारपर्यंत संपला तर आणखी एक, संध्याकाळी उरलेलं काढून टाका. सोबत स्पिरुलिनाचे दाणे आणि आठवड्यातून तीन-चारदा गोठवलेलं मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव), त्यावर व्हिटॅमिनचे थेंब. पालक किंवा कोथिंबीर ही अडीनडीची सोय. समुद्री शेवाळातले घटक तिच्यात नाहीत आणि फवारणीचा अंश असू शकतो. टोमिनी घेतलात तर तो कंगव्यासारख्या दातांनी काचेवरचा बारीक थर खरवडतो, लांब केसाळ शेवाळ त्याच्याकडून साफ होणार नाही. डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर खड्डे पडू लागले तर खाणं सुधारा आणि कार्बन तपासा. लिग्नाइटच्या भुसभुशीत कार्बनची धूळ पाण्यात फिरली तर सर्जनफिशना हेच व्रण होतात, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. कार्बन लागलाच तर कडक दाण्यांचा घ्या, खळखळून धुवा, पिशवीत ठेवा.

पुढे कधी ६ फुटी टाकी केलीत तर एकाच गटातले, म्हणजे पिवळा आणि स्कोपास, एकत्र नको. आकार सारखा म्हणून जास्त भांडतात. निळा आधी, पिवळा नंतर, पावडर ब्लू सगळ्यांत शेवटी. नव्याला आठवडाभर छिद्रांच्या पारदर्शक डब्यात टाकीतच ठेवा.

वेळापत्रक असं लावा. मृगाच्या सुमारास वेगळी टाकी अमोनियावर तयार करायला घ्या. जुलैच्या मध्यात क्लाउनफिश तिकडे हलवा, त्याच दिवसापासून मुख्य टाकीचे ७६ दिवस मोजा. सप्टेंबरअखेर ते संपतात, आणि क्लाउनफिश औषधाचे ३० दिवस काढून साध्या पाण्यात थांबलेले असतात, ते परत मुख्य टाकीत जातात. दसऱ्यानंतर हवा उतरली की टँग मागवा आणि त्याच वेगळ्या टाकीत ३० दिवस तांबं, नंतर दोन आठवडे नुसती नजर. तो मुख्य टाकीत जाईल डिसेंबरच्या तोंडावर, म्हणून दोन्ही हीटर त्याआधी चालवून बघा. एप्रिल-मे महिन्यांत बसच्या डिकीतून मासा मागवू नका, विक्रेता कितीही खात्री देवो.